बंद होतानाचा दणका: गॅस कॉम्प्रेसर ट्रिप झाल्यावर पहिल्या एका सेकंदात काय होतं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'म्हणजे म्हणजे' थोडे कमी केलेत.)



गावाकडे ज्यांच्या विहिरीवर मोटर आहे त्यांना हा आवाज पक्का माहीत असणार. पाणी चालू आहे, पाइपलाइन वरच्या रानापर्यंत गेलेली आहे आणि अचानक लाइट जाते. मोटरची घरघर उतरत जाते आणि क्षणभरात पाइपात धाडकन दणका बसतो. वर चढलेलं पाणी मागे फिरलेलं असतं आणि वाटेतला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, ते अडवायला मिटलेला असतो. तो खराब असेल तर पाणी सरळ पंपातून विहिरीत उतरतं आणि पंप उलटा फिरायला लागतो. लहानपणी मला वाटायचं, मोटर बंद झाली, आता कसली भीती? पण घरचे मोठे लोक नेमकं तेव्हाच पाइपाजवळ उभं राहू द्यायचे नाहीत.

आज त्याच दणक्याच्या थोरल्या भावाबद्दल बोलायचंय. त्याला सर्ज म्हणतात. मोठमोठ्या गॅस कॉम्प्रेसरमध्ये तो होतो, आणि मशीन चालू असताना त्याची जेवढी भीती असते त्यापेक्षा जास्त भीती मशीन अचानक बंद करताना असते. मी सॉफ्टवेअरवाला आहे, कॉम्प्रेसर उघडून दुरुस्त करणारा नाही. पण या बंद करण्याच्या क्रमाचा कोड मी लिहिलाय, एकदा चुकीचाही लिहिलाय. ते पुढे येईलच.

आधी हे कॉम्प्रेसर असतात कुठे ते बघू. समुद्रातल्या मुंबई हायचा गॅस उरणला येतो, तो पाइपातून ढकलायला कॉम्प्रेसर लागतो. हजीरा–विजयपूर–जगदीशपूर ही गेलची लांबलचक पाइपलाइन घ्या. गॅस पाइपाला घासत जातो तसा त्याचा दाब उतरतो, म्हणून वाटेत झाबुआ, विजयपूर, औरैया अशा ठिकाणी तो पुन्हा चढवावा लागतो. अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना आहे. तिथे नैसर्गिक गॅसपासून अमोनिया बनतो, आणि अमोनिया बनवायचा म्हणजे गॅस प्रचंड दाबावर न्यावाच लागतो. अशा कामांसाठी बहुतेक वेळा सेंट्रीफ्यूगल कॉम्प्रेसर वापरतात. मधोमध एक शाफ्ट, त्यावर पात्यांच्या चकत्या, त्यांना इम्पेलर म्हणतात, आणि मिनिटाला हजारो फेरे. गॅस मधून आत येतो, भोवंडून बाहेर फेकला जातो आणि त्या वेगाचं रूपांतर दाबात होतं.

आता इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सायकलच्या पंपात किंवा घरच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये गॅस एका बंद जागेत कोंडून दाबला जातो, त्याला मागे यायला वाटच नसते. सेंट्रीफ्यूगलमध्ये सक्शनपासून डिस्चार्जपर्यंत वाट पूर्ण मोकळी असते. मध्ये दार नाही, पडदा नाही. गॅस मागे येत नाही याचं कारण एकच, इम्पेलर त्याला सतत पुढे ढकलतोय. ढकलणं कमी पडलं की तो मागे येणार.

ढकलणं कमी पडतं कधी? एका ठरावीक वेगाला इम्पेलर किती दाब चढवू शकतो याला मर्यादा आहे. पुढे गॅसची मागणी कमी झाली, प्रवाह घटत गेला, की सुरुवातीला दाब थोडा वाढतो. मग एक टोक येतं. त्याच्याही पलीकडे प्रवाह घटला की पात्यांवरचा गॅस पात्याला धरून वाहायचं सोडतो, आणि पुढच्या पाइपातला दाब मशीनच्या ताकदीपेक्षा भारी ठरतो. गॅस उलटा फिरतो. उलटा फिरला की पुढचा दाब उतरतो. दाब उतरला की मशीनला पुन्हा जमायला लागतं, गॅस परत पुढे जातो, दाब परत चढतो, परत तेच टोक. ही आवर्तनं साधारण सेकंदा-दोन सेकंदाला एक अशी चालतात, कधी त्याहून जलद. प्रवाह उलटण्याची क्रिया मात्र सेकंदाच्या एका छोट्याशा भागात उरकते. बाहेरून ऐकलं तर मशीन ठसकल्यासारखा आवाज येतो. भुप्प... भुप्प... आणि पाइप हलतात.

रील्समध्ये टर्बोवाल्या गाड्यांचा तो 'स्टुटुटुटु' आवाज ऐकलाय ना? अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की येतो. तो या सर्जचाच लहानसा प्रकार. इंजिनाकडे जाणारी हवेची वाट एकदम मिटते, टर्बो अजून गरगरतोय, हवेला जागा नाही, ती मागे येते. त्यासाठी गाडीत ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावतात, कोंडलेली हवा सोडून द्यायला. आयटी पार्कच्या गच्चीवर किंवा तळघरात मोठे सेंट्रीफ्यूगल चिलर असतात, तेही सर्ज होतात. गाडीत लोक त्या आवाजासाठी पैसे मोजतात. ४० बारच्या गॅसवर तो आवाज ऐकायला कोणी पैसे देणार नाही.

कारण नुकसान खरं असतं. चालू मशीनमध्ये गॅसचा दाब शाफ्टला एका दिशेने रेटत असतो आणि थ्रस्ट बेअरिंग तो रेटा झेलत असतं. सर्जमध्ये तो रेटा दर आवर्तनाला उलटसुलट होतो. शाफ्टला पुढेमागे हलायला जी मोकळीक असते ती मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच, तेवढ्यात ते सगळं वजन आपटत राहतं. तोच तोच गॅस पुन्हा पुन्हा दाबला जातो म्हणून आतलं तापमान चढतं. आणि सील! आजकाल शाफ्टच्या टोकाला ड्राय गॅस सील असतात. त्यांच्या दोन तोंडांमध्ये काही मायक्रॉनचा गॅसचा थर असतो, बास. त्या थरावर आतला ज्वलनशील गॅस आत राहतो. सील गेलं तर गोष्ट मशीनच्या दुरुस्तीपुरती राहत नाही, तिथे माणसं काम करत असतात.

मशीन चालू असताना सर्ज टाळायची युक्ती जुनी आहे आणि चांगली चालते. डिस्चार्जमधून एक पाइप काढून तो परत सक्शनला जोडतात, मध्ये एक व्हॉल्व्ह. त्याला अँटी-सर्ज व्हॉल्व्ह किंवा रिसायकल व्हॉल्व्ह म्हणतात. पुढची मागणी घटली की हा थोडा उघडतो, थोडा गॅस गोल फिरून परत येतो आणि मशीनला वाटतं, प्रवाह आहे पुरेसा. कंट्रोलर सतत मोजत असतो की आपण त्या टोकापासून किती लांब आहोत. टोकाच्या अलीकडे, बऱ्याचदा प्रवाहाच्या साधारण १० टक्के अंतरावर, एक रेषा आखलेली असते. ती ओलांडायची नाही. हा रोजचा खेळ, पीआयडी कंट्रोलचा. यावर ढीगभर व्हिडिओ आहेत, मी त्यात जात नाही.

आपला विषय तिथून पुढे आहे. ट्रिप.

कुठेतरी कंपन जास्त दिसलं, तेलाचा दाब पडला, गॅस गळतीचा सेन्सर वाजला, किंवा कोणी लाल बटण दाबलं. मोटरची वीज तुटली, टर्बाइन असेल तर इंधन किंवा वाफ तुटली. आता बघा काय होतं. शाफ्टला फिरवणारं कोणी उरलं नाही, पण गॅस अजून अंगावर आहे आणि तो ब्रेकसारखं काम करतोय. वेग जास्त असताना हा ब्रेक सगळ्यात जोरात लागतो, म्हणून वेग सुरुवातीलाच सगळ्यात झपाट्याने पडतो. पहिल्या एका सेकंदात २० ते ३० टक्के वेग जाणं हे अशा मशीनमध्ये नेहमीचं आहे. जड रोटर असेल तर थोडा कमी, हलका असेल तर जास्त.

२५ टक्के वेग गेला म्हणजे २५ टक्के ताकद गेली असं वाटतं. तसं नाही. सेंट्रीफ्यूगल मशीनची दाब चढवायची ताकद वेगाच्या वर्गाने बदलते. वेग ७५ टक्क्यांवर आला की ताकद ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे ५६ टक्के. वेग ७० टक्क्यांवर आला तर ४९. एका सेकंदात निम्मी ताकद गायब.

याचं चित्र डोळ्यापुढे आणायचं असेल तर एक हिशोब करू. समजा नैसर्गिक गॅस ४० बारवरून ६० बारवर न्यायचाय. त्यासाठी दर किलो गॅसवर जे काम करावं लागतं ते उंचीत मोजलं तर साधारण पाच-साडेपाच किलोमीटर येतं. म्हणजे प्रत्येक किलो गॅस कळसूबाईच्या तिप्पट उंच चढवून ठेवल्यासारखं. विहिरीच्या मोटरला बिचारीला फक्त वरचं रान गाठायचं असतं. आता ट्रिपनंतर सेकंदभराने मशीनची ऐपत उरली तीन किलोमीटरची, आणि पुढच्या पाइपातला गॅस बसलाय साडेपाच किलोमीटरवर. तो खाली येणार नाही तर काय करणार?

शिवाय पाणी आणि गॅस यांत फरक आहे. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून विहिरीवरचा दणका एक-दोन फटक्यांत संपतो. गॅस म्हणजे दाबलेली स्प्रिंग. जेवढा मोठा पाइप, तेवढी मोठी स्प्रिंग. याचा नीट अभ्यास एडवर्ड ग्रिट्झर यांनी केला. १९७६ साली त्यांचं काम दोन भागांत प्रसिद्ध झालं, एक सिद्धान्ताचा आणि एक प्रयोगाचा. त्यांनी एक आकडा मांडला, त्याला 'बी पॅरामीटर' म्हणतात. त्यात पात्याचा वेग आहे, ध्वनीचा वेग आहे, आणि कॉम्प्रेसरच्या पुढच्या साठवणुकीचं आकारमान आहे. हा आकडा मोठा असेल तर अख्खी यंत्रणा सर्जमध्ये डोलायला लागते. लहान असेल तर बिघाड पात्यांभोवतीच फिरत राहतो, अख्खा प्रवाह उलटत नाही. ग्रिट्झर यांचं मशीन अ‍ॅक्शिअल होतं, विमानाच्या इंजिनात असतं तसं, पण कल्पना इथेही लागू पडते. तेच मशीन, तीच पाती. नुसती पुढची टाकी मोठी केली तर वागणूक बदलते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ट्रिपच्या वेळचा सर्ज होणार की नाही हे बहुतांशी पाइप टाकले त्या दिवशीच ठरलेलं असतं. कॉम्प्रेसरच्या तोंडापासून पहिल्या एनआरव्हीपर्यंत आणि रिसायकल व्हॉल्व्हपर्यंत जो पाइप आहे, त्यातला गॅस तेवढा महत्त्वाचा. एनआरव्हीच्या पलीकडचा गॅस, तो नीट मिटला तर, तिकडेच राहतो.

वरच्याच उदाहरणात घालून बघा. पाइपाचा आतला व्यास अर्धा मीटर. एनआरव्ही १० मीटरवर असेल तर मध्ये साधारण २ घनमीटर जागा. ६० बारला, मशीनमधून गरम निघालेला गॅस घनमीटरला साधारण ४० किलो धरू. म्हणजे ८० किलो गॅस. आता कोणीतरी ड्रॉइंगवर सोय बघून कूलर मध्येच बसवला, वळणं घेतली आणि एनआरव्ही ६० मीटरवर गेला. जागा झाली १२ घनमीटर, गॅस ४८० किलो. सेकंदभरात मशीनची ऐपत उतरते साधारण ५० बारपर्यंतच्या कामाची, म्हणजे ६० बारचे ५० करायला तुम्हाला ढोबळ मानाने सहावा हिस्सा गॅस बाहेर काढायचाय. पहिल्या मांडणीत १३ किलो. दुसऱ्या मांडणीत ८० किलो. एका सेकंदात! आणि तेवढ्या वेळात मशीन अजून पुढे ढकलतंय तो गॅस वेगळाच. हिशोब ढोबळ आहे, सक्शनचा दाब चढतो त्याची मदत मी धरली नाही, पण फरक किती आहे ते कळतं. दुसऱ्या मांडणीसाठी माझ्यासारख्याने जगातला सगळ्यात भारी अल्गोरिदम लिहिला तरी तो ८० किलो गॅस अल्गोरिदममधून बाहेर जाणार नाही. व्हॉल्व्हमधूनच जाणार.

ज्यांना हे नुसतं कागदी वाटतंय त्यांच्यासाठी. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. तिथे खरा सेंट्रीफ्यूगल कॉम्प्रेसर गॅसच्या बंद लूपमध्ये लावून, वेगवेगळ्या स्थितींतून मुद्दाम इमर्जन्सी शटडाउन करून मोजमापं घेतली गेली आणि सिम्युलेशनशी ताडून पाहिली. २००९च्या सुमाराला ते प्रसिद्ध झालं. मुद्दाम मशीन सर्जच्या तोंडाशी नेऊन बटण दाबायचं, यालाही धाडस लागतं हो.

मग व्हॉल्व्ह. ट्रिपमध्ये त्याच्याकडून एकच अपेक्षा असते, झटकन पूर्ण उघड. किती झटकन? बऱ्याच ठिकाणी पूर्ण उघडायला दोन सेकंदांच्या आत अशी अट असते, आणि वरचा हिशोब बघितलात तर दोन सेकंदही उदार वाटतात. एक सेकंदाच्या आसपास किंवा आत हवं. हा व्हॉल्व्ह हवेच्या दाबाने बंद ठेवलेला असतो आणि स्प्रिंग त्याला उघडायला बघत असते. हवा गेली, वीज गेली, वायर तुटली, काहीही झालं तरी तो उघडाच पडावा अशी रचना. ट्रिपला सोलेनॉइडची वीज काढतात, हवा सुटते, स्प्रिंग काम करते.

पण ती हवा सुटायला वाट किती मोठी आहे? इथे लोक फसतात. हजारो अश्वशक्तीचं मशीन आणि हवा सुटायला सोलेनॉइडचं भोक करंगळीच्या नखाएवढं. मोठ्या अ‍ॅक्च्युएटरमधली हवा त्या भोकातून निघेपर्यंत अर्धा सेकंद व्हॉल्व्ह हललेलाच नसतो. म्हणून क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि बूस्टर लावतात, जाड ट्यूब वापरतात. पाइप खूपच लांब असेल तर आणखी एक वेगळा व्हॉल्व्ह लावतात, त्याला हॉट गॅस बायपास म्हणतात. तो मशीनच्या अगदी जवळ, कूलरच्या अलीकडून गॅस सरळ सक्शनला सोडतो. उघडा किंवा बंद, मधलं काही नाही. गरम गॅस फार वेळ फिरवता येत नाही, पण आपल्याला तर फक्त काही सेकंद काढायचेत.

आता माझी गोष्ट. पहिली नोकरी कंट्रोल सिस्टिम बनवणाऱ्या एका कंपनीत होती, नाव राहू दे. मोटरवर चालणाऱ्या एका कॉम्प्रेसरच्या शटडाउनचा क्रम लिहायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजातून नुकताच आलेला, डोक्यात स्टेट मशीन. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. मी लिहिलं: आधी मोटरच्या ब्रेकरला ट्रिप द्या, मग ब्रेकर उघडल्याची खूण येईपर्यंत थांबा, खूण आली की अँटी-सर्ज व्हॉल्व्ह उघडा. खूण खोटी येऊ नये म्हणून तिच्यावर ३०० मिलिसेकंदांचं गाळणं ठेवलं. प्रोग्रॅम १०० मिलिसेकंदांच्या फेरीने चालायचा. कोड इतका सुंदर दिसत होता की मी त्याचा स्क्रीनशॉट मित्राला पाठवला होता.

माल साइटवर जाण्याआधी कंपनीतच चाचणी होते, तिला आमच्याकडे फॅट म्हणतात. ग्राहकाकडून एक सीनिअर इन्स्ट्रुमेंटवाले सर आले होते, आयुष्य प्लांटवर गेलेलं. सिम्युलेशनवर ट्रिप दिली, ग्राफ आला. वेग पडतोय, पडतोय, आणि व्हॉल्व्हची रेषा तशीच आडवी. मग ती हलली. सरांनी पेनाने दोन्हींमधलं अंतर मोजलं, मला विचारलं, "हा अर्धा सेकंद कशासाठी थांबलास?" मी म्हणालो, "सर, ब्रेकर खरंच उघडला का ते कन्फर्म करतोय." ते म्हणाले, "अरे, घराला आग लागलीय आणि तू अग्निशामकवाल्याला आधार कार्ड मागतोयस."

सगळे हसले, मीही हसलो, पण रात्री हिशोब केला तेव्हा हसू गेलं. सेकंदात २५ टक्के वेग जाणार असेल तर पहिल्या अर्ध्या सेकंदातच साधारण १४ टक्के जातो. ताकद पावभागाहून जास्त गेलेली. आणि त्यानंतर माझा आदेश निघणार, मग सोलेनॉइड, मग हवा, मग व्हॉल्व्ह. वर मोटर म्हणजे वीज तुटली की शून्य. दोन शाफ्टच्या गॅस टर्बाइनमध्ये इंधन तोडल्यावरही थोडी उरलेली ताकद मिळत राहते, मोटरमध्ये तेवढंही नाही.

दुरुस्ती काय झाली? माझा सुंदर कोड त्या वाटेतून काढूनच टाकला. ज्या ट्रिप रिलेने ब्रेकर उघडतो त्याच रिलेचा दुसरा संपर्क सरळ सोलेनॉइडच्या वीजवाटेत. साधी वायर. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी. सॉफ्टवेअरला दोन कामं उरली: कंट्रोलरचा आउटपुटही पूर्ण उघड्यावर नेऊन तिथे कुलूपबंद करायचा, आणि मशीन पूर्ण थांबेपर्यंत पीआयडीला पुन्हा व्हॉल्व्ह मिटू द्यायचा नाही. ते दुसरं काम दिसतं तेवढं सोपं नाही. प्रवाह मोजणारं यंत्र ट्रिपच्या धुमाळीत काहीही दाखवतं, आणि भोळा पीआयडी म्हणतो, प्रवाह मस्त आहे, मिटवू का?

याहून पुढे जाऊन एक प्रश्न आहे, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक ट्रिपला मशीन त्याच क्षणी थांबायलाच हवं का? आग, गॅस गळती, वेग मर्यादेबाहेर जाणं, इथे वादच नाही, लगेच. पण एखादं तापमान हळूहळू चढत मर्यादेला टेकलं असेल, तर आधी रिसायकल व्हॉल्व्ह उघडा आणि सेकंदाच्या काही भागानंतर इंधन किंवा वीज तोडा. तेवढ्या वेळात व्हॉल्व्ह हललेला असतो आणि मशीन पूर्ण वेगात असतं. टर्बाइनच्या बाबतीत असा विलंब ठेवतातही. त्याला विरोध असतो, आणि तो मला समजतो. सेफ्टीच्या माणसाला 'ट्रिपला थोडं थांबा' हे वाक्यच सहन होत नाही. म्हणून हे ट्रिपची एकेक ओळ घेऊन, प्रोसेसवाले, मशीनवाले आणि सेफ्टीवाले एकत्र बसून ठरवायचं असतं. रात्री दोनला कोडमध्ये एक टायमर टाकून नाही.

आणि मुळात फुकटच्या ट्रिप कमी करणं हाही सर्ज टाळण्याचाच भाग. कंपनाचा एकच सेन्सर, त्याची वायर सैल, आणि त्यावरून अख्खं मशीन खाली. तीनपैकी दोघांनी होकार दिला तरच ट्रिप, ही पद्धत त्यासाठीच आहे.

ठरवून बंद करायचं असेल तेव्हा तर घाईचं कारणच नाही. आधी रिसायकल पूर्ण उघडायचा, मशीन स्वतःचाच गॅस गोल फिरवायला लागतं, पुढचा एनआरव्ही मिटतो, मग वेग हळूहळू खाली, मग थांबवायचं. तरी शिफ्ट संपत आली की कोणीतरी सरळ लाल बटण दाबतंच. "तसंही बंदच करायचंय ना!" आणखी एक गफलत म्हणजे स्टेशनचे मोठे व्हॉल्व्ह. शटडाउनला सक्शनचा व्हॉल्व्हही मिटायला लागतो. तो रिसायकल उघडायच्या आधी बराचसा मिटला तर मशीनला आत यायला गॅसच उरत नाही, आणि आपण स्वतःच त्याला टोकाकडे ढकललेलं असतं.

शेवटचा भाग डेटावाल्यांसाठी, म्हणजे तुमच्यातल्या निम्म्यांसाठी. ट्रिपनंतर मीटिंग होते, कोणीतरी हिस्टोरियनचा ग्राफ लावतं आणि म्हणतं, "बघा, सर्ज झालाच नाही, रेषा गुळगुळीत आहे." हिस्टोरियन सेकंदाला एक नोंद ठेवतो. वर जागा वाचवायला छोटे बदल गाळून टाकतो. जी घटना सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या भागात घडते ती त्यात दिसणार कशी? एका सेकंदाला एक फोटो काढून कोणी क्रिकेटमधला नो-बॉल ठरवेल का? ट्रिपच्या आधीचे आणि नंतरचे काही सेकंद १० ते २० मिलिसेकंदांच्या अंतराने वेगळे साठवायला हवेत: वेग, दोन्हीकडचा दाब, सक्शनचा प्रवाह, व्हॉल्व्हची खरी जागा, शाफ्टची पुढेमागे हालचाल. यात व्हॉल्व्हला दिलेला आदेश आणि त्याची खरी जागा या दोन वेगळ्या रेषा ठेवा. आदेश शून्य मिलिसेकंदाला गेला होता हे सांगून कोणाचं समाधान करू नका.

आता ज्यांचं काम खरोखर प्लांटवर आहे, आणि मेसेजवरून दिसतं की तसे बरेच जण ऐकताय, त्यांनी पुढच्या ठरवलेल्या शटडाउनला एक करा. मशीन थांबलेलं असताना सोलेनॉइडची वीज काढून अँटी-सर्ज व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला किती वेळ लागतो ते मोजा. हलायला सुरुवात कधी झाली आणि पूर्ण कधी उघडला, दोन्ही. मोबाइलच्या स्लो मोशन व्हिडिओतही अंदाज येतो, अर्थात तुमच्या भागात मोबाइल नेता येत असेल तर. नसेल तर पोझिशनचा सिग्नल रेकॉर्ड करा. मग तो आकडा मशीन बसवलं तेव्हाच्या कागदाशी ताडून बघा. हवेत ओल असेल, कोणी दुरुस्तीत बारीक ट्यूब टाकली असेल, सोलेनॉइड चिकटत असेल, तर फरक तिथेच दिसेल.

त्या सरांनी मला नंतर त्यांच्या प्लांटवर नेलं होतं. त्यांच्या टेबलावर एक साधी वही होती. प्रत्येक शटडाउनची तारीख आणि पुढे व्हॉल्व्हचा वेळ, पेनाने लिहिलेला. एका पानावर आकडे ०.९, ०.९, १.०, १.४ असे जात होते आणि १.४ भोवती लाल गोल होता. शेजारी लिहिलं होतं, "बूस्टर बदलला." त्याच्या पुढची नोंद पुन्हा ०.९.

तुमच्याकडे अशी वही कोणी ठेवत असेल तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात.